शेवटी पाणी द्यावे

१

कप्पे बारा होते आणि छिन्न्या अकरा.

मधल्या बाईंनी एकदा नजरेने मोजल्या, दुसऱ्यांदा ओठ हलवत मोजल्या आणि तिसऱ्यांदा एकेका छिन्नीला बोट लावून. स्टोअरमधल्या ट्रेच्या एक ते अकरा कप्प्यांत चकचकीत छिन्न्या निजलेल्या होत्या, इतक्या चकचकीत की त्यांत खिडकीची चौकट दिसावी. बाराव्या कप्प्यात काहीच नव्हतं. तळाशी चिमूटभर काळी पूड तेवढी पडली होती. बाईंनी ती बोटावर घेतली, चोळली, वास घेतला आणि रुमालाला पुसून टाकली.

"बारा नंबरचे बारा वाजले म्हणायचे," त्या स्वतःशीच पुटपुटल्या, पण हसू काही आलं नाही.

त्यांना मधल्या बाई का म्हणत, ते सांगायला हवं. एका बाजूला कॉलेज, दुसऱ्या बाजूला यंत्रांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. कॉलेज म्हणायचं, आमची मुलं हुशार आहेत, यांना कामावर घ्या. कंपनी म्हणायची, हुशार असतील हो, पण कानस कुठल्या बाजूने धरायची ते यांना ठाऊक नाही. या दोघांची सोयरीक जमवायला एक छोटीशी संस्था होती. नफ्यातोट्याशी तिचा संबंध नव्हता आणि तिच्यात माणसं होती तीन. त्यांतल्या दोघी पत्रं लिहीत आणि तिसऱ्या या बाई दिवसभर कॉलेज ते कंपनी आणि कंपनी ते कॉलेज असे हेलपाटे घालत. त्यांची आई म्हणायची, "तुझी नोकरी म्हणजे दोन अबोला धरलेल्या जावांमधल्या निरोप्याची."

खोटं नव्हतं ते. दोन्हीकडे बोलत सगळे मराठीच, पण शब्द तेच आणि अर्थ भलतेच. कॉलेजात 'पास' म्हणजे परीक्षेतला, कंपनीत 'पास' म्हणजे गेटवर दाखवायचा. कॉलेजात 'जॉब' म्हणजे नोकरी, वर्कशॉपमध्ये 'जॉब' म्हणजे शिकंज्यात धरलेला लोखंडाचा तुकडा. पहिल्याच महिन्यात फोरमन एका मुलाला म्हणाला, "तुझा जॉब गेला," आणि पोरगा रडत घरी. तेव्हापासून बाईंनी एक वही केली होती. पानावर मधोमध रेघ, डावीकडे 'यांचं', उजवीकडे 'त्यांचं'.

सहा महिन्यांचं शिक्षण काल संपलं होतं. काल दिवसभर परीक्षा, आज दुपारी दोन वाजता कंपनीच्या क्वालिटी मॅडम येऊन निकाल लावणार. परीक्षा एकच: एका पोलादी सळईपासून स्वतःच्या हाताने छिन्नी करायची. ज्याची छिन्नी उतरेल, तो सोमवारी कामावर. ज्याची छिन्नी ट्रेमध्ये नाही, तो यादीतही नाही.

"बारा नंबर म्हणजे ती टेलरीणबाई ना?" मागून सरांचा आवाज आला. कॉलेजच्या वतीने हा सगळा कारभार सर बघत. ते संभाषणकौशल्य शिकवत. "तिने दिलीच नसेल हो. वेळेत झाली नसेल. सोडा, अकराच धरा."

बाईंनी टेबलावरचं जमा करण्याचं रजिस्टर उघडलं. बाराव्या ओळीत सही होती, वेळ होती पाच वाजून दहा मिनिटं, आणि सहीशेजारी अंगठ्याचा एक काळाकुट्ट ठसा उमटला होता.

२

टेलरीणबाई रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर बसल्या होत्या. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. बाकीचे अकरा जण वीस-बाविशीचे, व्हरांड्यात कुजबुजत होते. या एकट्या पस्तीसच्या.

"बसा, बसा, उठू नका," बाई म्हणाल्या. "मला सरळ सांगा, छिन्नी कप्प्यात ठेवलीत?"

"ठेवली. माझ्या हाताने ठेवली. सही केली आणि गेले."

"कोणी पाहिलं?"

"तिथे कोणी नव्हतंच. स्टोअरवाले काका बाहेर पाण्याच्या टेबलाशी होते. सगळे तिकडेच होते."

"ट्रेमधल्या बाकीच्या छिन्न्या पाहिल्यात?"

"वरती कापड टाकलेलं होतं. मी माझा कप्पा उघडला, ठेवली, परत झाकलं. दुसऱ्यांच्या कामाकडे बघायचं नाही असा नियम होता ना?"

नियम होता खरा. सगळ्यांनी सही करून मान्य केलेला आणि बहुतेकांनी मोडलेला. बाईंना ही बाई आवडत चालली होती, आणि तेच त्यांना नको होतं. चौकशी करणाऱ्याने आवडनिवड घरी ठेवून यावं, असं त्यांचं मत होतं.

"तुम्हाला इतका उशीर का झाला? बाकीचे चारलाच मोकळे झाले होते."

"त्यांचं मला काय ठाऊक? मी कागदावर होतं ते सगळं केलं. पाचही कलमं. त्याला वेळ लागतोच." टेलरीणबाईंनी साडीचा पदर सारखा केला. त्यांच्या उजव्या मनगटाच्या वर एक लालसर डाग होता आणि तिथली लव करपून गेली होती.

"हे काय झालं?"

"काल भाजलं थोडं. काही नाही."

बाईंना वाटलं, स्वयंपाकघर आणि परीक्षा एकाच दिवशी सांभाळायची म्हणजे भाजणारच. त्यांनी तो विषय सोडला. नंतर त्यांनी स्वतःला याबद्दल बरंच सुनावलं, पण ते नंतर.

"कपडे शिवायचं सोडून तुम्ही या लोखंडात कशा पडलात हो?"

"पडले नाही, परत आले," टेलरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. "माहेरी लोखंड, सासरी कापड. बारा वर्षं ब्लाउज शिवले. आता सगळे तयार कपडे घेतात. मशीनवर चादर टाकली आणि इथे फॉर्म भरला. फॉर्मवर लिहिलंय, वय जास्तीत जास्त पस्तीस. पुढच्या महिन्यात मला छत्तीसावं लागतं." "या पोरांना पुढची बॅच आहे. मला नाही. मी चोर नाही आणि खोटारडीही नाही, बाई. माझी छिन्नी कुठे गेली तेवढं शोधा."

बाई काही बोलणार इतक्यात दार करकरलं. चहाच्या मावशी दारात उभ्या होत्या, हातात किटली आणि चेहऱ्यावर मोठी बातमी.

"जरा बाहेर येता का?" त्या कुजबुजल्या. "कोणी केलं ते मला ठाऊक आहे. मी माझ्या या दोन कानांनी ऐकलंय."

३

मावशींची चहाची खोली वर्कशॉपच्या मागच्या शेडला लागून होती. मध्ये फक्त पत्र्याची भिंत. मावशींनी बाईंना स्टुलावर बसवलं आणि आल्याचा तुकडा कापायला घेतला. सुरी आल्यावरून घसरत होती.

"या मेलीचं पाणी उतरलंय," मावशी वैतागल्या आणि आलं ठेचायला घेतलं. "हं, तर ऐका. काल पाचच्या आधीची गोष्ट. मी इथे कप विसळत होते. पलीकडून आवाज आला. कोणाचा म्हणाल? उस्तादांचा!"

बाईंच्या भुवया वर गेल्या. उस्ताद म्हणजे कंपनीतले जुने फोरमन. चाळीस वर्षं लोखंडात घालवलेली. आठवड्यातून तीन दिवस येऊन तेच मुलांना हातकाम शिकवत, आणि छिन्नीची परीक्षा त्यांनीच सुचवलेली. पण काल कंपनीच्या कोणीही वर्कशॉपमध्ये पाय ठेवायचा नाही, असं ठरलं होतं. आपल्या माणसांना मदत केल्याचा बोल नको म्हणून.

"उस्ताद काल इथे?"

"शेडच्या मागे, खिडकीपाशी. फोनवर बोलत होते. मी कान दिला नाही हं, कानावर आलं. हसत हसत म्हणाले," मावशींनी आवाज खाली नेला, "बारा नंबरला पाणी पाजलं!"

"नक्की असंच म्हणाले?"

"अगदी असंच. पुढचंमागचं किटलीच्या आवाजात गेलं, पण एवढं स्वच्छ ऐकलं. आणि आठवतंय ना, पहिल्या दिवशी हेच काय म्हणाले होते? सुई धरणाऱ्या हातात कानस शोभत नाही म्हणून? सगळ्यांसमोर! ती बिचारी खाली मान घालून उभी. माणसाचा एकेकाचा राग असतो हो. घेतला असेल डाव साधून."

बाईंनी उस्तादांना फोन लावला. वाजला, वाजला आणि बंद झाला. कंपनीत आत जाताना सगळ्यांचे फोन गेटवर कपाटात ठेवून घेत, हे त्यांना मागाहून आठवलं. दोन वाजता मॅडमबरोबर उस्ताद स्वतःच येणार होते. तोवर त्यांना विचारता येणार नव्हतं आणि दोन वाजता विचारून काही उपयोग नव्हता.

कंपनीच्या माणसाने कॉलेजच्या परीक्षेतली छिन्नी पळवली असं एकदा बाहेर पडलं, की कॉलेज कंपनीचं तोंड बघणार नाही. बारा नंबर तर जाईलच, पुढच्या सगळ्या बॅचाही जातील.

आणि तरीही मनात कुठेतरी टोचत होतं. डाव साधणारा माणूस खिडकीपाशी उभा राहून मोठ्याने हसेल कशाला?

४

स्टोअरवाले काका आपल्या खोलीत फडकं घेऊन उभे होते. ते नेहमीच फडकं घेऊन उभे असत. दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: प्रत्येक वस्तू जागच्या जागी. भिंतीवर मोठी फळी होती आणि तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, हातोड्याच्या जागी हातोडा, पक्कडीच्या जागी पक्कड. एखादं हत्यार नसलं की भिंतीवरची रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरे.

"काल शेवटी कुलूप कोणी लावलं?"

"मी. सव्वापाचला. आणि आज सकाळी तुमच्यासमोर उघडलं. किल्ली रात्रभर माझ्या उशाशी."

"कुलूप लावलं तेव्हा बारावा कप्पा?"

"रिकामा." काकांनी छातीवर हात ठेवला. "लेकीची शपथ घेऊन सांगतो, रिकामा होता. मला वाटलं, बाईंना जमलं नाही, सोडून दिलं. रजिस्टर मी पाहिलंच नाही, ती माझी चूक."

"पाच दहा ते सव्वापाच. पाच मिनिटं. या वेळात खोलीत कोण आलं?"

"कोणी नाही. सगळे पाणी पिऊन पांगले होते. मी एकटाच आलो, पसारा आवरला, कुलूप लावलं."

बाई त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. काका खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणारा माणूस फडकं पिळतो, हे भिंत पुसत होते.

"कौतुक करा की जरा," काका फळीकडे हात करून म्हणाले. "वर्षभर एक छिन्नी बेपत्ता होती. वीसच्या एकोणीस. रोज ती रिकामी आकृती माझ्याकडे बघायची. आता सापडली, बघा, वीसच्या वीस! माझा जीव भांड्यात पडला."

"वा! कुठे सापडली?"

"असंच, पसाऱ्यात," काका म्हणाले आणि पुन्हा पुसायला लागले.

बाई वळल्या तर दारात सर. त्यांच्या हातात कागद होता. अकरा नंबरांची यादी, खाली कॉलेजची सही झालेली आणि संस्थेच्या सहीची जागा मोकळी.

"बाई, साडेबारा वाजून गेले. मॅडम येण्याआधी ही यादी तयार पाहिजे. तुमची सही द्या."

"सर, ती बाई म्हणते की तिने कागदावरची पाचही कलमं पूर्ण केली."

"कागद मीच टाइप केलाय. उस्तादांच्या हस्ताक्षरातला होता, जसाच्या तसा उतरवला. एक, माप. दोन, धारेचा कोन. तीन, डोकं गोलसर. चार, नंबर ठोकणे. आणि पाचवं कलम तर तिचं नव्हतंच, ते आमचं होतं. शेवटी पाणी द्यावे. आम्ही दिलं. गार पाणी, ग्लासात. कंपनी इतका विचार करते हे पाहून मला बरं वाटलं." सर जरा थांबले आणि हसले. "ती गोंधळलेलीच होती हो. मी प्रत्येकाला विचारून यादीत खूण करत होतो, पाणी मिळालं का? अकरा जण म्हणाले, मिळालं. ही धावत आली, हात काळे, घामाघूम. विचारलं, पाणी मिळालं का? तर म्हणते, दिलं, दिलं! आणि गेली. ग्लासाला हातही लावला नाही."

"काय म्हणाली?"

"दिलं. म्हणजे बघा, साधं क्रियापद धड सुचत नव्हतं तिला."

बाईंनी सहीसाठी पेन उघडलं होतं. ते तसंच हवेत राहिलं.

"इथे कुठेतरी पाणी मुरतंय," त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता स्वतःच दचकल्या.

५

त्यांनी सरांकडून उस्तादांच्या हातचा मूळ कागद मागून घेतला आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. पाचवं कलम तिथेही तेच होतं, शब्दाला शब्द. मांडीवर वही उघडली. यांचं, त्यांचं.

अकरा म्हणाले मिळालं. एक म्हणाली दिलं.

माणूस घाईत शब्द चुकतो, हे खरं. पण बारा वर्षं गिऱ्हाइकांची मापं लिहून घेणारी बाई, जी नियम आहे म्हणून शेजारचा कप्पाही उघडून बघत नाही, ती साध्या प्रश्नाला दोनदा चुकीचं उत्तर देईल? दिलं, दिलं. तिने दिलं. पण कोणाला?

आणि उस्ताद फोनवर काय म्हणाले? पाजलं. बारा नंबरला. आपण सगळ्यांनी गृहीत धरलं की बारा नंबर म्हणजे ती बाई. पण नंबर बाईवर थोडाच ठोकला होता? नंबर ठोकला होता छिन्नीवर.

बाईंना मावशींची सुरी आठवली. या मेलीचं पाणी उतरलंय. त्यांची आईसुद्धा बोथट सुरी हातात आली की हेच म्हणायची. लहानपणी बाईंना प्रश्न पडायचा, कोरड्या सुरीतून पाणी उतरतं म्हणजे काय? उतरायला ते आधी कोणीतरी द्यावं लागतं!

"अगं बाई!" त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की व्हरांड्यातले अकराही जण वळून बघायला लागले.

त्या तरातरा मागच्या शेडमध्ये गेल्या. छोटी गॅसची भट्टी कोपऱ्यात गार पडली होती. शेजारी पाण्याची बादली. बादलीच्या तळाशी काळी खपली साचली होती आणि काठावर तीच पूड, जी सकाळी बाराव्या कप्प्यात बोटाला लागली होती. एका जाड फळकुटावर लांबट जळका डाग होता.

म्हणजे छिन्नी टणक व्हावी म्हणून आधी भट्टीत गेली, मग बादलीत; पाणी दिलं ते छिन्नीला. मनगट इथे भाजलं, स्वयंपाकघरात नाही. अंगठा इथे काळा झाला. इथवर सगळं सरळ होतं. पण त्यानंतर तिने ती कप्प्यात ठेवली आणि पाच मिनिटांत कप्पा रिकामा. खोलीत आलेला माणूस एकच, आणि तो तर लेकीची शपथ घेऊन सांगतोय की कुलूप लावताना कप्पा रिकामा होता.

बाईंनी डोळे मिटले. काका काय म्हणाले होते? शब्द न् शब्द आठवा. पसारा आवरला. कुलूप लावलं. तेव्हा कप्पा रिकामा होता.

पण पसारा आवरायच्या आधी कप्प्यात काय होतं? ते त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी घड्याळ पाहिलं. दोनला पाच कमी. फाटकातून कंपनीची गाडी आत शिरत होती.

६

"मॅडम, यादी देण्याआधी मला दहा मिनिटं हवीत," मधल्या बाई म्हणाल्या. "आणि थोडा पॉलिश पेपर."

सगळे स्टोअरच्या खोलीत दाटीवाटीने उभे होते. क्वालिटी मॅडम, चष्मा कपाळावर. उस्ताद, पांढऱ्या मिशा आणि हाताची घडी. सर, काका, किटलीसकट मावशी. दाराशी अकरा उमेदवार आणि सगळ्यांच्या मागे टेलरीणबाई. त्यांनी बाईंकडे एकदाच पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"सकाळपासून आपण एक चकचकीत छिन्नी शोधतोय," बाई बोलू लागल्या. "कारण बाकीच्या अकरा चकचकीत आहेत. पण बारा नंबर चकचकीत होती असं आपल्याला सांगितलं कोणी? कोणीच नाही. मीही विचारलं नाही. ताई, आता विचारते. तुमच्या छिन्नीचा रंग कोणता होता?"

"काळा," टेलरीणबाई चकित होऊन म्हणाल्या. "पाणी दिल्यावर काळाच होणार. सगळ्यांच्या काळ्याच असतील ना?"

खोलीत एकदम कालवा झाला. बाईंनी हात वर केला.

"काका, आता तुम्ही सांगा. वर्षभर हरवलेली छिन्नी तुम्हाला कधी सापडली?"

काकांच्या हातातलं फडकं थांबलं. "काल... काल संध्याकाळी."

"कुठे?"

"ट्रेमध्ये. बाराव्या कप्प्यात. मला वाटलं, कोणा पोराने स्टोअरची छिन्नी वापरली आणि तिथेच टाकून गेला. माझ्या स्टोअरचं हत्यार परीक्षेत वापरलं गेलं म्हणजे बोलणी मलाच बसली असती. म्हणून मुकाट्याने उचलली आणि..." त्यांची मान आपोआप फळीकडे वळली.

"जागच्या जागी ठेवलीत," बाईंनी वाक्य पुरं केलं. "मापं उस्तादांनी स्टोअरच्या छिन्नीवरूनच घेतली होती. मग आकृतीत फिट्ट बसणारच. एक छिन्नी वर्षभराने सापडते आणि त्याच संध्याकाळी, त्याच खोलीत, दुसरी हरवते. दोन गोष्टी नव्हत्या त्या, एकच होती."

फळीवरून वीस काळ्या छिन्न्या उतरल्या. बाई एकेकीचं डोकं पॉलिश पेपरने घासत गेल्या. सातवीपाशी खपली निघाली आणि खाली आकडे उमटले. एक आणि दोन. अगदी एका रेषेत, शिवणीसारखे सरळ.

टेलरीणबाईंनी तोंडावर पदर घेतला. रडत होत्या की हसत होत्या, कळायला मार्ग नव्हता.

"पण उस्तादांचं काय?" मावशींना राहवेना. "मी ऐकलं ना! बारा नंबरला पाणी पाजलं म्हणाले!"

"म्हणालो," उस्ताद पहिल्यांदाच बोलले. त्यांचे कान लाल झाले होते. "आत पाय टाकला नाही मी. पण घरी बसवेना, म्हणून खिडकीबाहेर उभा होतो. ही एकटी भट्टीपाशी. डाळिंबी लाल होईस्तोवर थांबली, टोक बुडवलं, घासून रंग बघितला, धारेशी जांभळा पट्टा येताच पुन्हा बुडवलं. माझ्या जोडीदाराला फोन केला, म्हटलं, अरे, हिने बारा नंबरला पाणी पाजलं, एकटीने, कोणाला न विचारता! चाळीस वर्षांत असा हात पाहिला नाही." त्यांनी टेलरीणबाईंकडे पाहिलं. "सुईवरून मी बोललो होतो. चुकलो. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला, बारा नंबरची धार पाहिली आणि तिच्यावर कानस ओढली. कानस सर्रकन घसरली, ओरखडाही नाही. मग त्यांनी एक नंबर उचलला. कानस खरखरत आत शिरली. दोन नंबर, तसंच. तीन, चार, पाच.

"या अकरांना पाणीच दिलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "दोन घावांत वाकतील. दिसायला सुंदर, पण छिन्नी नव्हे. एकच पास."

"पण आम्हाला वर्गात हार्डनिंग शिकवलं!" चार नंबर कळवळून म्हणाला. "कागदावर हार्डनिंग कुठे होतं? पाणी म्हणजे आम्हाला पाणी वाटलं. आणि ते मिळालं."

सर खुर्चीवर बसले. त्यांना आत्ता कुठे सगळं उमजलं होतं. "तीस ग्लास," ते क्षीण आवाजात म्हणाले. "मी स्वतः विसळून घेतले होते."

पहिल्यांदा उस्ताद हसले, मग मावशी, मग हसू कोणालाच आवरेना. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या बाईंकडे बघत होत्या.

"चूक उमेदवारांची नाही," बाई म्हणाल्या. "ती ओळ लिहिली कंपनीने, वाचली कॉलेजने, आणि मध्ये मी होते. दोघांचे शब्द जुळवायचे हेच माझं काम, आणि हा कागद मी उघडून पाहिला नाही. तेव्हा बोल लावायचा तर मला लावा. पण कागदावर लिहिलंय, शेवटी पाणी द्यावे. तुम्ही यादीवर सही करेपर्यंत शेवट झालेला नाही."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "माझी गाडी पाचला निघते. भट्टी तापायला किती वेळ?"

"वीस मिनिटं," मागून टेलरीणबाईंचा आवाज आला. त्यांनी पदर खोचला होता. "प्रत्येकाने आपलं आपण करायचं. मी फक्त रंग कधी बघायचा ते सांगेन. चालेल ना मॅडम?"

"सांगायला हरकत नाही. हात लावायचा नाही."

मॅडमनी कोऱ्या कागदावर नवी यादी सुरू केली. सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, त्यांनी बारा लिहिलं.

पुढचे अडीच तास मागच्या शेडमधून एकच आवाज येत राहिला: लाल लोखंड बादलीत शिरल्याचा चर्र आणि पाठोपाठ टेलरीणबाईंचं "घाई नको, अजून पिवळंच आहे, थांब... हं, आता!" नऊ जणांच्या छिन्न्या उतरल्या. दोघांना तडे गेले, ते पुढच्या बॅचला येणार होते. उस्ताद दाराबाहेर उभे राहून मिशा पिळत होते.

"मावशी," ते म्हणाले, "आज नीट ऐका आणि नीट सांगा. बारा नंबरने आज सगळ्यांना पाणी पाजलं."

बाईंनी वही काढली आणि मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एकच शब्द लिहिला.

पाचला दहा कमी असताना टेलरीणबाई शेडमधून बाहेर आल्या. हात काळे, कपाळावर घाम, केस विस्कटलेले. सर समोरून येत होते. हातात ट्रे, ट्रेवर एकच ग्लास, काठोकाठ भरलेला. ते त्यांच्यापुढे थांबले, खाकरले, पण संभाषणकौशल्यातलं एकही वाक्य त्यांना आठवेना.

"पाणी," ते शेवटी म्हणाले, "काल मिळालं नव्हतं ना?"

टेलरीणबाईंनी ग्लास घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"आता मिळालं," त्या म्हणाल्या.